मणी कोणाच्या हातात आहे?

प्रश्न: ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, सुट्टीत वहीत गोष्ट लिहितोय. तीन मित्र जादूचा मणी शोधायला निघतात. राक्षस, ड्रॅगन, उडती सायकल सगळं झालं, पण आता म्हणतो 'आई, बोअर होतंय' आणि वही बंद. काय सांगू त्याला? (एक आई, सातारा)

उत्तर: आधी एक करा, त्याच्या शुद्धलेखनाला अजिबात हात लावू नका! मग फक्त एवढंच विचारा, मणी नाही मिळाला तर या तिघांचं काय बिघडणार आहे? बहुतेक तिथेच गाडी अडलीये, कारण राक्षस कितीही आणले तरी पोरं का निघाली हेच कळलं नाही तर वाचणारा सोबत चालत नाही.

आणि आज रात्री त्याला स्यमंतक मण्याची गोष्ट सांगा. गणेश चतुर्थीला चुकून चंद्र दिसला की आपल्याकडे हीच ऐकतात ना, तीच. भागवतात आहे की हा मणी रोज आठ भार सोनं द्यायचा, पण कृष्ण काही सोन्यासाठी निघत नाही, मण्याचा मालक सत्राजित, त्याचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला तो परत आलाच नाही आणि लोक कुजबुजायला लागले की कृष्णानेच मारलं असणार, म्हणून तो निघतो, स्वतःवरचा आळ पुसायला. मग जंगलात प्रसेन आणि घोडा मरून पडलेले, तिथून सिंहाची पावलं, पुढे सिंहही मेलेला, आणि शेवटी त्या सिंहाला मारणाऱ्या अस्वलराजाची, जांबवंताची काळोखी गुहा. लोकांना बाहेर थांबवून हा एकटा आत जातो. बाहेरचे १२ दिवस वाट बघून रडत घरी जातात आणि आत कुस्ती चाललीये २८ दिवस!

मला सगळ्यात आवडतं ते मात्र कुस्तीच्या आधीचं. एवढा सगळ्यांना वेड लावणारा मणी गुहेत कोणाकडे असतो, तर जांबवंताच्या लहान बाळाकडे, खेळणं म्हणून. परका माणूस बघून दाई किंचाळते. आता बाळाच्या हातातून खेळणं कसं घ्यायचं सांगा, इथे कुठलाच राक्षस नाही तरी पोटात गोळा येतो.

मुलाला विचारा, तुझे तिघं पोचतात तेव्हा मणी कोणाकडे असतो, आणि त्याला तो का हवा असतो? उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल, दोन दिवस वही उघडी ठेवा टेबलावर. पूर्ण झाली की आम्हाला नक्की पाठवा, उडत्या सायकलचं पुढे काय झालं ते मला खरंच वाचायचंय.