अपडेटनंतर सेटिंग्स उघडताच बंद होते, फॉरमॅट मारू का?

थांबा, फॉरमॅट अजिबात मारू नका. तुम्ही लिहिलंय की विंडोज 11 चं अपडेट झाल्यापासून सेटिंग्स उघडली की ते गिअरचं चिन्ह क्षणभर दिसतं आणि खिडकी आपोआप बंद होते, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्लेची सेटिंग उघडायला गेलं तर एमएस-सेटिंग्स असं काहीतरी लिहिलेला एरर येतो, बाकी सगळं नीट चालतंय आणि ओळखीचा एक जण म्हणतोय फॉरमॅट मार, एका तासाचं काम आहे. एका तासाचं काम त्याचं, नंतर फायली, पासवर्ड, सॉफ्टवेअरचे लायसन्स शोधत बसायचे दिवस तुमचे. मी कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांच्या मशीन बघते, फॉरमॅट म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो, कारण या प्रकारच्या बिघाडात त्याची गरज फार क्वचित पडते.

आधी एक समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. सेटिंग्स हे विंडोजच्या आत बसवलेलं एक ॲप आहे, सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात इमर्सिव्हकंट्रोलपॅनेल नावाचं त्याचं घर आहे आणि सिस्टमसेटिंग्स नावाची फाइल चालली की ते उघडतं. ते बंद पडलं म्हणजे विंडोज बंद पडलं असं नाही. जुनं कंट्रोल पॅनेल वेगळं चालतं, विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या रन बॉक्समध्ये कंट्रोल टाइप केलं की ते उघडेल. तिथून प्रिंटर, नेटवर्क, सॉफ्टवेअर काढणं अशी बरीच कामं तोवर उरकता येतात. (कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

पहिलं काम म्हणजे रीस्टार्ट, आणि हे मी उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये. शटडाउन करून परत चालू केलं म्हणजे रीस्टार्ट झालं असं बहुतेकांना वाटतं पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि चालू करताना तोच परत उचलतं, त्यामुळे अर्धवट राहिलेलं अपडेट तसंच अर्धवट राहू शकतं. रीस्टार्ट हा पर्याय निवडलात तरच सगळं मुळापासून नव्याने सुरू होतं. त्यानंतर सी ड्राइव्हची पट्टी बघा, ती लाल दिसत असेल तर दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरलीय, थोडी जागा करा. पण डिस्क क्लीनअपमध्ये प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन असं लिहिलेल्या चौकटीवर टिक करू नका! जागा खूप मिळते म्हणून लोक पहिली तीच निवडतात आणि त्यासोबत मागच्या आवृत्तीवर परत जायची वाट बंद होते.

आता मुद्द्याचं. नेटवर शोधलंत तर पंचवीस उपाय सापडतील आणि माणूस एकामागून एक सगळे मारत सुटतो, त्यात नवीन बिघाड होतो आणि मूळ कुठला होता तेच कळेनासं होतं. त्याआधी दुखणं कुठे आहे ते ठरवा, तुमच्या यूझर अकाउंटमध्ये की विंडोजच्या फायलींमध्ये. हे ठरवायला दहा मिनिटं लागतात. स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) शोधा, राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर निवडा, आणि टाइप करा: नेट, मग स्पेस, यूझर, स्पेस, टेस्ट, स्पेस, स्लॅश ॲड. टेस्ट नावाचं नवं अकाउंट तयार होईल. आता साइन आउट करा, लॉगिनच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात खाली टेस्ट दिसेल, त्यात शिरा. पहिल्यांदा शिरताना दोन-चार मिनिटं लागतात, मध्ये बंद करू नका. आत गेलात की विंडोज आणि आय दाबा. सेटिंग्स उघडली आणि उघडीच राहिली, तर विंडोज ठणठणीत आहे आणि बिघाड तुमच्या अकाउंटपुरता आहे. तिथेही बंद पडली तर फायलींमध्ये गडबड आहे. पुढचे उपाय या दोन्हींसाठी वेगवेगळे आहेत.

या टेस्टवर माझा इतका भर का, ते सांगते. माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर अगदी तुमच्यासारखंच झालं होतं, अपडेट, मग सेटिंग्स बंद. तिच्या भाच्याने, म्हणजे माझ्याच भावाने, दोन दिवस नेटवरच्या कमांड मारल्या, काही फरक नाही, शेवटी फॉरमॅटसाठी पेनड्राइव्ह तयार करून बसला होता. मी टेस्ट अकाउंट उघडलं तर सेटिंग्स लगेच उघडली. मग मी मावशीच्या अकाउंटमध्ये परत येऊन रन बॉक्समध्ये परफमॉन, स्पेस, स्लॅश रेल टाइप केलं. याला रिलायबिलिटी मॉनिटर म्हणतात आणि फार थोड्या लोकांना तो माहीत असतो. तारखांचा एक तक्ता उघडतो, ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसाखाली लाल गोलात फुली असते, ज्या दिवशी काही इन्स्टॉल झालं तिथे निळं माहितीचं चिन्ह. फुलीवर क्लिक केलं की खाली ओळ येते, सिस्टमसेटिंग्स, स्टॉप्ड वर्किंग, आणि त्या ओळीवर डबल क्लिक केलं की फॉल्ट मॉड्यूल नेम दिसतं, म्हणजे कोसळताना नेमकी कुठली फाइल चालू होती ते. मावशीकडे ती फाइल विंडोजची नव्हतीच. टास्कबार आणि मेनूचं रूप बदलणारं एक छोटं टूल कधीतरी टाकलेलं होतं, ते सिस्टमच्या खिडक्यांमध्ये आपला कोड घुसवायचं, आणि अपडेटनंतर आतली मांडणी बदलली त्यामुळे ते आता बसेना. आपण टूल टाकलंय हे मावशी विसरूनही गेली होती. कंट्रोल पॅनेलमधून ते काढलं, रीस्टार्ट केलं, सेटिंग्स सुरू. त्या फुल्या बघताना मला मनापासून वाईट वाटलं, एवढ्याशा कारणासाठी तिच्या वर्षानुवर्षांच्या कामाच्या फायली पणाला लागल्या होत्या.

म्हणून तुम्हीही टेस्टनंतर लगेच हा तक्ता उघडा आणि तारीख नीट बघा. लाल फुली अपडेटच्या आधीच्या दिवसापासून असेल तर अपडेट यातून सुटलं, त्या दिवशी दुसरं काय इन्स्टॉल झालं ते शोधा. अँटिव्हायरस, रूप बदलणारी टूल्स, विंडोज हलकं करून देतो म्हणणारी टूल्स, हे माझे नेहमीचे संशयित. यातली शेवटची तर पॉलिसी, म्हणजे विंडोजचे आतले नियम, बदलून ठेवतात, मग सेटिंग्समध्ये काही गोष्टी राखाडी होतात आणि वर लिहून येतं की या सेटिंग्स तुमची संस्था सांभाळते, घरच्या मशीनवरसुद्धा. लॅपटॉप खरंच ऑफिसचा असेल तर मात्र स्वतः हात लावू नका, तुमच्या आयटीला कळवा.

बिघाड अकाउंटपुरता निघाला आणि तक्त्यात असं बाहेरचं काही दिसलं नाही, तर सेटिंग्स ॲप रीसेट करायचं. तुमच्या नेहमीच्या अकाउंटमध्ये पॉवरशेल (हीसुद्धा कमांड टाइप करायचीच खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि गेट-ॲपएक्सपॅकेज, स्पेस, विंडोज डॉट इमर्सिव्हकंट्रोलपॅनेल, मग उभी रेघ, मग रीसेट-ॲपएक्सपॅकेज. एवढी एकच ओळ. नेटवर याच्याशेजारी एक लांबलचक कमांड फिरते जी सगळ्या यूझरांची सगळी ॲप्स परत नोंदवते, ती चिकटवू नका, एका ॲपसाठी सगळ्यांना हलवायचं काही कारण नाही. रीसेटनेही भागलं नाही तर नवं अकाउंटच कायमचं करून जुन्यातल्या डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स तिकडे कॉपी करा, कंटाळवाणं आहे पण सुरक्षित आहे. फक्त ॲपडेटा फोल्डर (ॲप्स आपली माहिती ठेवतात तो) तसाच्या तसा उचलून नेऊ नका, बिघाड त्यातच असण्याची शक्यता जास्त.

टेस्ट अकाउंटमध्येही सेटिंग्स पडली तर दोन कमांड, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी आधी एसएफसी सांगतात, म्हणजे विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी कमांड. पण एसएफसी खराब फाइलच्या जागी चांगली फाइल ज्या साठ्यातून आणून ठेवते तो विनएसएक्सएस नावाचा साठाच बिघडला असेल तर ती तरी काय करणार. म्हणून आधी साठा दुरुस्त करा: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोरहेल्थ. नेट चालू ठेवा, चांगल्या फायली ती विंडोज अपडेटवरून उतरवते. मध्येच ती थबकेल, माझ्याकडे बरेचदा 62.3 टक्क्यांवर अडकल्यासारखी वाटते आणि लोक इथेच खिडकी बंद करतात. करू नका, वीस मिनिटं गेली तरी थांबा. ती संपली की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. शेवटी ती सांगते काही खराब सापडलं नाही, किंवा सापडलं आणि दुरुस्त केलं, किंवा सापडलं पण काही फायली दुरुस्त झाल्या नाहीत. तिसरं उत्तर आलं तर रीस्टार्ट करून एसएफसी परत एकदा चालवा.

एवढ्यानेही नाही झालं तर अपडेट मागे घ्यायचं. विंडोज 11 मध्ये अपडेट काढायची जागा सेटिंग्समध्येच आहे आणि तुमचं तर तेच उघडत नाही, म्हणून शिफ्ट दाबून ठेवून पॉवरच्या मेनूतलं रीस्टार्ट निवडा. निळा पडदा येईल, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे दोन पर्याय दिसतील, क्वालिटी म्हणजे महिन्याचं छोटं अपडेट आणि फीचर म्हणजे आवृत्ती बदलणारं मोठं. तुमचं कुठलं झालंय ते त्या तक्त्यातल्या निळ्या चिन्हावरून आधीच बघून ठेवा. मोठं असेल तर मागे जायला साधारण 10 दिवसांचीच मुदत असते, तुमच्या अपडेटला किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे आजच मोजा.

आणि त्या निळ्या पडद्यावर जाण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी ठेवा! कित्येक नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपल्या नकळत चालू असतं आणि तिथे गेल्यावर 48 अंकी की मागितली जाते. फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन केलं की तुमच्या डिव्हाइसच्या नावाखाली ती बहुतेक वेळा सापडते, कागदावर उतरवून घ्या. की नसताना लोक अडकतात तेव्हा खरंच काही करता येत नाही, तिथे मीही हतबल असते.

शेवटची पायरी म्हणजे रिपेअर इन्स्टॉल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 11 ची आयएसओ (इन्स्टॉलेशनचं सगळं सामान असलेली एक मोठी फाइल) उतरवा, भाषा सध्या आहे तीच घ्या, डबल क्लिक करून आतली सेटअप फाइल चालत्या विंडोजमधूनच चालवा आणि फायली आणि ॲप्स ठेवा हा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करा. पेनड्राइव्हवरून बूट करून हे करायला गेलात तर तो पर्याय मिळत नाही, तिथे सगळं पुसलं जाऊ शकतं. तास-दीड तास लागेल, चार्जर लावून ठेवा, आणि महत्त्वाच्या फायलींची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर आधी घ्याच. फॉरमॅट करून जे मिळालं असतं ते बहुतेक सगळं यातून मिळतं आणि तुमचं सामान जागेवर राहतं.

आज एवढंच करा, टेस्ट अकाउंट आणि तो तक्ता. सेटिंग्स टेस्टमध्ये उघडली की नाही आणि फॉल्ट मॉड्यूल नेमपुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका, मी बघून पुढचं सांगते. काम झालं की टेस्ट अकाउंट काढायला तीच कमांड, फक्त ॲडच्या जागी डिलीट.