युद्धावरच्या कादंबरीसाठी सैन्यात जावे का?

आदरणीय सुभेदारसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या बारावीला, विज्ञान शाखेत आहे. जो हॉल्डमन या अमेरिकन लेखकाची ‘द फॉरेव्हर वॉर’ ही कादंबरी वाचल्यापासून तिला भविष्यातील युद्धांवर कादंबऱ्या लिहायच्या आहेत, आणि त्यासाठी हॉल्डमन यांच्याप्रमाणे आधी लढाई पाहिली पाहिजे, म्हणून एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचे, असे तिने ठरवले आहे. स्वतः आयुष्यभर सैन्यात राहूनही हे कारण आपल्याला पटत नाही, पण का पटत नाही ते तिला समजावता येत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर हॉल्डमन यांच्या चरित्रातच आहे.

हॉल्डमन यांचा जन्म १९४३ साली ओक्लाहोमा सिटी येथे झाला. मेरीलँड विद्यापीठातून १९६७ साली त्यांनी भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी त्यांना सक्तीच्या सैन्यभरतीत बोलावणे आले. व्हिएतनाममध्ये ते लढाऊ इंजिनिअर दलात होते. १९६८ मध्ये स्फोटात ते गंभीर जखमी झाले आणि ‘पर्पल हार्ट’ हे युद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांना मिळणारे पदक घेऊन परतले. कादंबरीला विषय मिळावा म्हणून ते युद्धावर गेले नव्हते, हे आपल्या कन्येने नीट लक्षात घ्यावे. युद्ध त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी स्वतः निवडले होते ते भौतिकशास्त्र.

ही कादंबरी उभी आहे तीही या भौतिकशास्त्राच्या आधारावर. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष सरते, तेव्हा पृथ्वीवर सुमारे सात वर्षे उलटलेली असतात; सापेक्षतेचा हा नियम बारावीच्या विद्यार्थिनीला स्वतः आकडेमोड करून पडताळता येईल. कादंबरीचा नायक विल्यम मंडेला हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी अंतराळातल्या युद्धासाठी सक्तीने सैन्यात ओढला जातो, आणि त्याची जेमतेम काही वर्षे खर्च होतात तोवर पृथ्वीवर हजाराहून अधिक वर्षे लोटतात. मोहिमेवरून परतावे तर भाषा, पैसा, नातीगोती, काहीच ओळखीचे उरलेले नाही, अशी त्याची अवस्था होते. व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांना आपल्याच देशात जे परकेपण आले, ते हॉल्डमन यांनी एका समीकरणातून वाचकाला अनुभवायला दिले. सैन्यात राहिलेल्या लक्षावधी माणसांकडे तो अनुभव होता. तो अशा रीतीने मांडता येईल हे ज्याला सुचले, त्याच्याकडे विज्ञानाची बैठकही होती. मला हा या लेखकाच्या घडणीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

प्रत्यक्ष लढाई पाहिलीच पाहिजे, असेही नाही. भविष्यातील युद्धांवरच्या विज्ञान कादंबरीचा पाया घालणारे रॉबर्ट हाइनलाइन १९२९ साली अमेरिकेच्या नौदल अकादमीतून अधिकारी झाले आणि १९३४ मध्ये क्षयामुळे सेवेतून बाहेर पडले. ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही त्यांची गाजलेली कादंबरी १९५९ ची. लढाईचा स्वतःचा अनुभव त्यांच्या गाठी कधीच नव्हता.

आता उपजीविकेबद्दल, कारण वडील म्हणून आपल्याला तीच चिंता अधिक असणार. हॉल्डमन यांची पहिली कथा १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘द फॉरेव्हर वॉर’ अठरा प्रकाशकांनी नाकारली. व्हिएतनामची आठवण करून देणारी विज्ञान कादंबरी कोणी वाचणार नाही, असे प्रकाशकांचे म्हणणे होते. ती १९७४ साली निघाली आणि नेब्युला व ह्यूगो हे विज्ञानसाहित्याचे दोन्ही मानाचे पुरस्कार तिला मिळाले. हॉल्डमन यांनी आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेत रीतसर शिक्षण घेतले, टोपणनावाने साहसकथा लिहिल्या, ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेवर कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९८३ पासून २०१४ पर्यंत अमेरिकेतील एमआयटी (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या संस्थेत लेखन शिकवले. इंग्रजीतल्या पुरस्कारप्राप्त लेखकालाही तीन दशके अध्यापनाचा आधार होता, तर मराठीत केवळ कादंबऱ्यांवर घर चालेल अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथा समृद्ध केली ती खगोलशास्त्राचे संशोधन सांभाळूनच, आणि त्यांची पहिली मराठी विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवलेली होती. परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा कन्येने अवश्य पाहावी.

म्हणून माझा सल्ला असा, की तिने भौतिकशास्त्राची पदवी घ्यावी आणि लेखन आजपासूनच, दर आठवड्याला ठरावीक वेळ देऊन, सुरू करावे. सैन्यसेवेची ओढ तिला खरोखर असेल, जवानांची जबाबदारी घ्यावी असे तिला मनापासून वाटत असेल, तर तिने जरूर जावे. एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे, आणि पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी अधिकारी होण्याचा, दहा वर्षांचा मार्गही खुला राहतो. परंतु ज्याच्या हुकमावर माणसे जिवावर उदार होतात, त्या अधिकाऱ्याने त्या माणसांकडे कादंबरीची सामग्री म्हणून पाहू नये. आपल्याला जे खटकले ते बहुधा हेच असावे. शिवाय सेवेत असताना लष्करी विषयावर काही प्रसिद्ध करायचे तर पूर्वपरवानगी लागते, हेही तिला ठाऊक असावे.

एक विनंती आपल्याला आहे. दीर्घ तैनातीनंतर रजेवर घरी आल्यावर पहिले काही दिवस कसे जात, मुले किती बदललेली दिसत, काय बोलावे ते सुचत नसे का, हे आपण तिला सविस्तर सांगावे आणि तिने ते लिहून काढावे. तिच्या आवडत्या कादंबरीचा विषय तोच आहे.

आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा आणि एनडीएची लेखी परीक्षा या दोन्हींना गणित व भौतिकशास्त्राची तयारी उपयोगी पडते. त्यामुळे तिचा निर्णय पक्का होईपर्यंत दोन्ही अर्ज भरून ठेवावेत. एनडीएच्या वयोमर्यादेत ती बसते का, हे मात्र जन्मतारखेवरून आताच तपासून घ्यावे.

आपला विश्वासू,
करिअर मार्गदर्शक