चॅनेलला सुट्टी दिली तर अल्गोरिदम विसरेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाककृतींचं यूट्यूब चॅनेल, आठवड्याला तीन मोठे व्हिडिओ, वर रोज एक रील. कमाई बरी चाललीय, पण हल्ली ट्रायपॉड नुसता दिसला तरी नको वाटतं. आषाढात महिनाभर थांबावं म्हटलं तर अल्गोरिदम, म्हणजे कुणाला कुठला व्हिडिओ दाखवायचा ते ठरवणारी यंत्रणा, बाजूला टाकेल ही धास्ती. त्यात गणपतीसाठी एका मसाल्याच्या ब्रँडची विचारणा आलीय. माझं चॅनेल शिवणकामाचं, पण कटोरी ब्लाउज आणि उकडीचे मोदक एवढा फरक सोडला तर दुखणं ओळखीचंच आहे.

आधी धास्तीचं. यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिकी यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये क्रिएटर्सना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं की कंपनीने लाखो चॅनेल्सचे आकडे तपासले, आणि सुट्टीवरून परतलेल्या चॅनेल्सना सरासरीने सुट्टीच्या आधीपेक्षा जास्त व्ह्यूज मिळाले. आता हे कंपनीचंच म्हणणं, आणि सरासरीत तुमचं चॅनेल नेमकं कुठे बसेल ते कोण सांगणार. पण चार आठवड्यांत सगळं बुडतं असं त्यातून तरी दिसत नाही. शिवाय पाककृतीच्या चॅनेलकडे बरीचशी माणसं सर्चमधून येतात. होळीच्या आदल्या रात्री ‘पुरणपोळी का फाटते’ शोधणारी बाई तुम्ही गेल्या आठवड्यात काय टाकलंत हे बघत नाही. लेखी मर्यादा आहे ती वेगळीच: सहा महिने किंवा जास्त काळ व्हिडिओही नाही आणि पोस्टही नाही, तर मॉनेटायझेशन, म्हणजे चॅनेलवरून कमाई करायची सोय, काढून घ्यायचा हक्क यूट्यूबने राखून ठेवलाय. सहा महिने! रील्सचं मात्र वेगळं, तिथे थांबलात की आकडे घसरलेले दिसतील. दिसू द्या. पैसे मोठ्या व्हिडिओंतून येतात असं तुम्हीच लिहिलंय, मग रोजच्या रीलचा हट्ट कोणासाठी?

मला जास्त काळजी तुमच्या दुसऱ्या एका वाक्याची वाटली. ‘मीठ किती घालायचं ताई’ अशी साधी कमेंट वाचूनही तुमचं डोकं फिरतं म्हणता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन केलं तेव्हा तो आजारांत धरला नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवला. त्याच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून आता काही धड होत नाही असं वाटणं. नुसता थकवा दोन रात्रींच्या झोपेने उतरतो. ही मधली खूण तशी उतरत नाही. प्रश्न विचारणारी माणसं शत्रू वाटायला लागली की काम कमी करायची वेळ होऊन गेलेली असते. झोप लागत नसेल, रडू येत असेल, तर सुट्टीची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइनही आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आता स्टुडिओ ॲप, म्हणजे चॅनेलचे आकडे दाखवणारं यूट्यूबचं ॲप. व्हिडिओ टाकल्यावर तासाभरात तिथे ‘१० पैकी ८’, ‘१० पैकी १०’ असा क्रमांक येतो आणि आपला दिवस त्यावर ठरतो. हा क्रमांक तुमच्या स्वतःच्याच शेवटच्या दहा व्हिडिओंमधला असतो. म्हणजे दहाही व्हिडिओ उत्तम चालले तरी त्यांतला एक दहावा येणारच. शाळेत असा निकाल लावला असता तर पालकांनी मोर्चा काढला असता. सुट्टीत हे ॲप फोनवरून काढून टाका, लॅपटॉपवर आठवड्यातून एकदा बघितलंत तरी पुरे.

तुमच्या प्रश्नावर कुणीतरी सल्ला दिलाय की एका रविवारी आठ व्हिडिओ शूट करून ठेवा आणि शेड्युल लावून निवांत बसा. साठा असावा, याबद्दल वाद नाही. पण ही विश्रांती नव्हे, आधीच करून ठेवलेला ओव्हरटाइम आहे. शिवाय पदार्थाचं शूट म्हणजे काय हे सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसावं. मोदकाची वाफ मिनिटभर दिसते, तेवढ्यात वरून शॉट, मग बाजूने, मग तूप सोडून फोडतानाचा. एक शॉट हलला की दुसरा मोदक घ्या. घरच्यांच्या पानात पडतो तेव्हा तो गार झालेला असतो आणि बाईचा हात बोलून बोलून दुखत असतो… म्हणजे घसा. बघा, थकल्यावर लिहिलं की असं होतं! आणि व्हिडिओ आपोआप पब्लिश झाला तरी कमेंटना उत्तरं द्यायला तुम्हीच बसणार. सुट्टीच्या महिन्यात नवीन काही टाकूच नका. कम्युनिटी पोस्टमध्ये परत यायची तारीख सांगा, श्रावणाच्या जुन्या व्हिडिओंची प्लेलिस्ट वर आणा, झालं.

आपल्याकडे तमाशाचे फड हे कधीपासून करतायत. दसऱ्याला बाहेर पडायचं, यात्रांचा हंगाम गाजवायचा, गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावच्या सुपाऱ्या घ्यायच्या आणि पावसाळ्यात फड बंद. हंगाम संपला म्हणून कुणी फडाला विसरत नाही. पण त्यातली दुसरी बाजूही बघा: पावसाळ्यात कलावंतांचं घर अनेकदा उचल घेऊन चालतं, म्हणजे पुढचा हंगाम आधीच गहाण. खिशात पैसे नसताना घेतलेल्या सुट्टीत झोप येत नाही. आपल्याकडे सुट्टीवर एवढं बोलतात, पैशावर कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितेय. ॲडसेन्सचे, म्हणजे गूगलकडून येणारे जाहिरातींचे, एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. जुलैत थांबलात तर जुलैत जूनचे पैसे येतील आणि फटका ऑगस्टच्या शेवटी कळेल. नेमके तेव्हाच गणपतीचे खर्च. तेवढी रक्कम आजच वेगळी काढा, मग थांबा. पुढच्या वर्षापासून एक सुट्टी जानेवारीतही लावा. सणासुदीच्या जाहिराती संपल्यावर दर तसेही पडलेले असतात, त्या महिन्यात न केलेल्या कामाचं नुकसान सगळ्यात कमी.

परत आल्यावर आठवड्याला तीनवर जाऊ नका, एकच ठेवा. आणि तोही जन्मभराचा नेम समजू नका. ब्रिटनचा टॉम स्कॉट दहा वर्षं दर सोमवारी व्हिडिओ टाकत होता. १ जानेवारी २०२४ ला त्याने तो नेम थांबवला, पॉडकास्ट मात्र चालू ठेवला.

राहिला ब्रँड. सरळ नाही म्हणू नका. त्यांना लिहा की पहिला ड्राफ्ट श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल, बदल दोनदाच करून देईन, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, आणि त्याआधी फोनवर उपलब्ध नाही. निम्मे पैसे आगाऊ मागा, ते सुट्टीच्या महिन्याला उपयोगी पडतील. यावर त्यांनी ‘अर्जंट आहे’ म्हटलं तर सोडून द्या. ज्यांना जूनमध्ये घाई असते, ते गणपतीच्या आदल्या दिवशीही रात्री अकराला फोन करतात.