शंका-समाधान : वेग, अंतर, वेळ आणि एककांचा घोळ

प्रश्न : ‘मोटारीचा वेग ताशी १० किमीने वाढवला, तर १५० किमी जायला ३० मिनिटे कमी लागतात, मूळ वेग किती?’ या उदाहरणात मूळ वेग क्ष धरून मी १५०/क्ष − १५०/(क्ष + १०) = ३० असे समीकरण मांडले. उत्तर जवळपास ३.६६ आले. खरे उत्तर ५० आहे. चूक कुठे झाली?

उत्तर : मांडणी ठीक आहे, उजवीकडचे ३० तेवढे चुकले. क्ष ताशी किलोमीटरमध्ये आहे, म्हणून १५०/क्ष हे तास झाले. डावीकडे तासांतून तास वजा होत आहेत आणि उजवीकडे मिनिटे बसली आहेत. समीकरण बिचारे त्या ३० ला तासच समजते. तुमचे उत्तर त्या हिशेबाने अगदी बरोबर आहे: ताशी ३.६६ किमीने १५० किमीला सुमारे ४१ तास, १३.६६ ने सुमारे ११ तास. फरक ३० तास! मोटार माणसाच्या चालीने निघाली, तिथेच शंका यायला हवी होती.

आता ३० ऐवजी १/२ लिहा. दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + १०) ने गुणले की डावीकडे १५०(क्ष + १०) − १५०क्ष, म्हणजे नुसते १५०० उरतात. त्यावरून क्ष(क्ष + १०) = ३०००, म्हणजेच क्ष² + १०क्ष − ३००० = ०. गुणाकार ३००० आणि फरक १० अशी जोडी ६० आणि ५० ची. (क्ष + ६०)(क्ष − ५०) = ०, म्हणून क्ष = ५० किंवा −६०. वेग ऋण नसतो, म्हणून ५०. पडताळा : ताशी ५० ने ३ तास, ६० ने अडीच तास.

ते −६० टाकून देण्याआधी एकदा बघा मात्र. चिन्ह काढले की तो वाढवलेला वेग आहे. या साच्याच्या उदाहरणात हे दर वेळी होते, त्यामुळे पडताळा फुकटात मिळतो. आणि दोन्ही अपूर्णांकांची अदलाबदल झाली, तर क्ष² + १०क्ष + ३००० = ० येते; त्याला वास्तव मूळच नाही. कमी वेगाला जास्त वेळ लागतो, म्हणून १५०/क्ष आधी.

प्रश्न : ५/१८ ने गुणायचे की १८/५ ने, हे ऐन वेळी आठवत नाही.

उत्तर : ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढी एकच जोडी लक्षात ठेवा. किमी-तासाकडून मीटर-सेकंदाकडे जाताना आकडा लहान होतो, म्हणून ५/१८. उलट जाताना १८/५. हा ५/१८ आला कुठून? १ किमी म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद. १०००/३६०० ला संक्षिप्त रूप दिले, झाले. वेग ‘मिनिटाला ४०० मीटर’ असा दिला असेल, तर मात्र ५/१८ च्या वाटेला जाऊ नका. ४०० × ६० = २४,००० मीटर, म्हणजे ताशी २४ किमी.

प्रश्न : १ तास २० मिनिटे म्हणजे १.२० तास लिहिले तर चालते का?

उत्तर : नाही. १.२० तास म्हणजे १ तास १२ मिनिटे. २० मिनिटे हा तासाचा तिसरा भाग, म्हणून ४/३ तास लिहा. १.३३ केलेत तर पुढे उत्तर नेटके येणार नाही.

प्रश्न : आगगाडी खांबाला १२ सेकंदांत आणि १८० मीटर लांबीच्या फलाटाला २१ सेकंदांत ओलांडते. गाडीची लांबी दिलेलीच नाही, मग वेग कसा काढायचा?

उत्तर : खांबाला जाडी नाही असे धरतात, त्यामुळे तो ओलांडताना गाडी फक्त स्वतःच्या लांबीइतकी पुढे सरकते. फलाटाच्या वेळी इंजिन फलाटाच्या सुरुवातीला आले की घड्याळ सुरू आणि शेवटचा डबा दुसऱ्या टोकातून बाहेर पडला की बंद. म्हणून अंतर फलाट अधिक गाडी. वेग सेकंदाला क्ष मीटर धरला, तर गाडीची लांबी १२क्ष. मग १२क्ष + १८० = २१क्ष, क्ष = २०. लांबी २४० मीटर, वेग ताशी ७२ किमी. इथे शेवटपर्यंत मीटर-सेकंदातच राहा, ताशीत फक्त उत्तर न्या.

तोंडीही सुटते: जास्तीचे ९ सेकंद जास्तीच्या १८० मीटरसाठीच लागले.

प्रश्न : जाताना ताशी ६०, येताना ताशी ४० किमी. सरासरी वेग ५० का नाही?

उत्तर : कारण ४० च्या वेगात जास्त वेळ गेला. अंतर दिलेले नाही म्हणून अडू नका. ६० आणि ४० चा लसावि १२० घ्या. जाताना २ तास, येताना ३; एकूण २४० किमीला ५ तास, म्हणजे ताशी ४८. अंतर १२० ऐवजी कितीही घेतले तरी ते वर-खाली कटून जाते. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास केला असता, तर ५० बरोबर ठरले असते.