नद्यासुद्धा हरितगृह वायू सोडतात का? आणि तापमान वाढलं की ते प्रमाण वाढेल का?

हो, सोडतात, आणि आकडा किरकोळ नाही. २०१३ च्या एका जागतिक अंदाजानुसार नद्या-ओढ्यांतून वर्षाला सुमारे १८० कोटी टन कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत जातो. पण लगेच नदीला कोळशाच्या पंगतीत बसवू नका. यातला बराचसा कार्बन झाडांनी हवेतूनच घेतलेला असतो. पालापाचोळा कुजतो, मातीतला वायू झिरप्याबरोबर ओढ्यात उतरतो आणि वाटेतच निसटतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तर समुद्रापर्यंत पोचणाऱ्या सेंद्रिय कार्बनच्या दहापटीहून जास्त कार्बन असा हवेत जातो.

खरी काळजी मिथेन या दुसऱ्या हरितगृह वायूची. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात जिवाणूंची भूक वाढते, म्हणजे आहे तो प्राणवायूही लवकर संपतो. मग तळच्या गाळात मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फावतं.

एवढ्यावरून ‘जितकी उष्ण नदी तितका जास्त मिथेन’ असं वाटेल. मलाही तसंच अपेक्षित होतं. पण २०२३ मध्ये जगभरच्या मोजमापांवरून आलेल्या अभ्यासात (नद्यांचा मिथेन वर्षाला सुमारे २.८ कोटी टन) उत्तरेकडच्या थंड, दलदलीच्या प्रदेशातल्या नद्याही उष्ण कटिबंधातल्या नद्यांच्या बरोबरीने मिथेन सोडताना दिसल्या. तापमानापेक्षा भोवतालची जमीन आणि पाण्यात येणारं ‘खाद्य’ भारी पडतं.

आपल्याकडे हे खाद्य म्हणजे सांडपाणी. पुण्यात खडकवासल्याच्या वरची मुठा आणि शहरातून बाहेर पडणारी मुळा-मुठा यांच्यावर ऊन तेच पडतं, गाळ मात्र वेगळा. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, जलपर्णी पसरते आणि बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात तळातून बुडबुडे येताना दिसतात. त्यात बहुधा मिथेन असतो. (नाकाला झोंबणारा वास मात्र त्याचा नव्हे, हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वासच नसतो.)

म्हणून माझ्या मते उष्णता हा गुणक आहे. गुणायचा आकडा आपण नाल्यांतून नदीत सोडतो. आणि सांडपाणी प्रकल्प बांधला म्हणजे झालं, असंही नाही. प्रक्रियेनंतरच्या पाण्यात अमोनिया किंवा नायट्रेट उरलं, तर त्यातला काही भाग नदीत नायट्रस ऑक्साइड होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. तुमच्या गावच्या प्रकल्पाची माहिती मागवाल तेव्हा बीओडीबरोबर (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) नायट्रोजनचेही आकडे मागा.