पिको-८ मध्ये १६च रंग मिळतात, त्यात गेम गिचमीड न दिसता कसा करायचा?

तुमचा प्रॉब्लेम असा की पिको-८ म्हणजे जुन्या धाटणीचे छोटे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात १२८ बाय १२८ पिक्सेलची एवढीशी स्क्रीन, त्यात ० ते १५ नंबरचे १६ रंग, ते सगळे वापरून झाले आणि आता हिरो कुठला नि झाड कुठलं तेच कळेना, मग जुन्या टीव्ही गेममध्ये याहून कमी रंगात सगळं इतकं स्वच्छ कसं काय दिसायचं. मी याच खड्ड्यात पडून बाहेर आलोय म्हणून लिहितो. आर्टिस्ट वगैरे नाहीये हां, दिवसभर पोटापाण्याचा वेगळाच कोड आणि रात्री जेवण झालं की हे उद्योग.

माझं आजोळ कोकणातलं, तिथे रातांबे पिकले की वानरांचा धुमाकूळ, तर मी त्याचाच गेम करायला घेतला. झाडावर वानर येतं, रातांबा तोडतं, आपण खालून गोफणीने हाकलायचं. झाडाला ३ नंबरचा गडद हिरवा दिला, रातांबे ८ नंबरचे लाल, वानर ५ नंबरचं गडद करडं. मला तर बघून फार भारी वाटलं. मामेभावाला खेळायला दिला तर तो दोन मिनिटांनी विचारतो, फळं कुठायत रे? मला वाटलं खेचतोय. मग आठवलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. स्क्रीनशॉट काढून ग्रेस्केल, म्हणजे रंग काढून नुसता काळा-पांढरा केला आणि बघतो तर फळंही नाहीत, वानरही नाही, नुसता एक करडा ढीग.

मग कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ० ते २५५ मध्ये उजळपणा मोजला तर ३ नंबरचा हिरवा साधारण ८८, ५ नंबरचा करडा पण ८८, आणि लाल ८५. म्हणजे नावाला तीन रंग, उजळपणा एकच. तसंच ११ नंबरचा पोपटी १४०च्या आसपास आणि १२ नंबरचं आकाशी १४३, त्यामुळे निळ्या आभाळावर पोपटी पानं काढली की तीही गायब. आणि हे फक्त मामेभावासारख्या डोळ्यांचं नाही बरं का, आपल्यालाही धावपळीत आकार ओळखू येतो तो उजेड-अंधाराच्या फरकाने, रंग कुठला ते नंतर कळतं. बहुतेक तुमची गिचमीड पण हीच असणार.

म्हणून आता मी आधी रंग उजळपणाने ओळीत लावतो. काळा, मग १ चा गडद निळा, २ चा जांभळा, मग ते तिघे भाऊ ८-३-५, मग ४ चा विटकरी, १३ चा फिका जांभळा, ११-१२ ची जोडी, गुलाबी, केशरी, ६ चा फिका करडा, १५ चा पीच, पिवळा आणि शेवटी ७ चा पांढरा. मागचं सगळं चित्र खालच्या टोकातून घ्यायचं, आणि जे हलतं किंवा ज्याला खेळणाऱ्याने हात लावायचाय ते वरच्या टोकातून. मधले रंग चटणीसारखे, लागतील तेवढेच. वानर मी ६ नंबरचं केलं, तोंड काळं, खरं वानर तसंच असतं की. रातांबा ४ बाय ४ पिक्सेलचा, तो लालच ठेवला पण खालून २ नंबरची जांभळी कड आणि वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरा पिक्सेल. एकच पिक्सेल! त्याने फळ झाडातून सुटून पुढे आलं. मामेभावाला दिसायला लागलं, हीच माझी टेस्टिंग टीम.

त्यात एक गंमत झाली. वानराच्या तोंडाजागी भोक, आणि त्यातून मागचं झाड दिसतंय. पिको-८ मध्ये स्प्राइट (म्हणजे गेममधलं वानरासारखं सुटं छोटं चित्र) काढताना ० नंबरचा काळा रंग मुळातच ट्रान्सपरंट धरतात आणि मी एक अख्खी संध्याकाळ कोडमध्ये बग शोधत बसलो होतो. पाल-टी कमांडने ० चं ट्रान्सपरंट बंद करा आणि १४ चा गुलाबी, किंवा जो तुम्ही वापरतच नाही तो, ट्रान्सपरंट करा.

आता जुन्या गेमचं. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी जे कॅसेटवाले टीव्ही गेम होते ते बहुतेक सगळे जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. त्या मशीनकडे पन्नासेक रंग होते पण कुठे किती वापरायचे यावर सक्त पहारा. एका स्प्राइटला ३ रंग आणि चौथा ट्रान्सपरंट, मागच्या चित्रात १६ बाय १६ च्या एका चौकोनात ४ रंग आणि त्यातला एक सगळ्या चौकोनांना सामायिक. मारिओच्या १९८५ च्या गेममधला ढग आणि झुडूप नीट बघा, चित्र तेच आहे, नुसते रंग बदललेत, आणि लहानपणी आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं होतं ते? गेम बॉय या हातात धरून खेळायच्या मशीनची तर अजूनच कंजुषी, सगळ्या मिळून ४ छटा आणि स्प्राइटच्या वाट्याला ३. म्हणजे ते गेम स्वच्छ दिसायचे याचं मोठं श्रेय त्या पहाऱ्याला, एका वस्तूत पाचवा रंग सहजासहजी कोंबायची सोयच नव्हती. पिको-८ मध्ये असा कोणी अडवत नाही, कुठल्याही पिक्सेलला कुठलाही रंग, म्हणून आपण सुटतो. मी स्वतःवरच नियम घातलाय, एका स्प्राइटला तीनच रंग, फारच अडलं तर चौथा.

डिदरिंग करावं का असंही विचारलंय तुम्ही, म्हणजे एक आड एक पिक्सेल बुद्धिबळाच्या पटासारखे मांडून तिसरा रंग भासवायचा. आभाळात, मातीत खुशाल करा. हलणाऱ्या गोष्टीवर मला अजिबात आवडत नाही, जुन्या टीव्हीवर सगळं पुसट होऊन एकमेकांत मिसळायचं, आजच्या स्क्रीनवर नुसत्या मुंग्या येतात.

सोळाच्या पलीकडे अजून १६ लपलेले रंग आहेत, १२८ ते १४३ नंबरचे. पाल कमांडने (भिंतीवरची नव्हे) तुमचा एखादा रंग त्यातल्या एकाशी बदलता येतो, तिसरा आकडा १ दिला की बदल अख्ख्या स्क्रीनला लागतो. मी ३ च्या जागी १३१ चा निळसर गडद हिरवा घातला आणि झाड एकदम सावलीत गेलं. पण एका वेळी स्क्रीनवर १६च, हे ध्यानात ठेवा.

याच युक्तीने रात्रीची लेव्हल फुकटात होते, दिवसाचीच चित्रं, फक्त हिरव्याच्या जागी निळा, पांढऱ्याच्या जागी फिका करडा वगैरे. मी दोन दिवस बसून केली होती, दिसायलाही झकास झाली होती. मग मामेभाऊ म्हणाला, अरे वानरं रात्री झोपतात. काढून टाकली.