‘अहेव गेली’ की ‘कै. सौ.’?

अंबाजोगाईजवळच्या एका गावातून आलेली विचारणा अशी : आजी गेल्या वर्षी वारली, आजोबा हयात आहेत. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत नातवंडांनी आजीच्या नावामागे ‘कै. सौ.’ घातले, तेव्हा एका नातेवाइकाने हरकत घेतली की माणूस गेल्यावर कसले सौभाग्य, नुसते ‘कै.’ पुरे. आजोबांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि ‘अहेव गेली, असं छापा’ एवढेच सांगितले. छापखान्यात तो शब्द कोणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे कच्च्या प्रतीत ‘आहेर गेली’ असे छापून आले. हा शब्द कुठला, तो पत्रिकेत शोभेल का आणि ‘सौ.’ ठेवावे की काढावे, असे तीन प्रश्न आहेत.

छापखान्याला फार दोष देता येत नाही, कारण पत्रिका म्हटली की ‘आहेर’ हाताला सवयीने येतो, आणि ‘अहेव’ आता लिहिण्यात जवळजवळ उरलेला नाही. मात्र मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो अजून आहे. संस्कृत ‘अविधवा’ प्राकृतात ‘अविहवा’ झाला आणि तिथून झिजत मराठीत ‘अहेव’ झाला. जिचा नवरा जिवंत आहे ती अहेव. त्यावरूनच अहेवपण आणि अहेव मरण. शब्द किती जुना असावा, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठराव्या सूक्तात, म्हणजे मृत्यूविषयीच्याच सूक्तात, सातव्या ऋचेत ‘अविधवाः’ असा तो आलेला आहे. पितृपक्षातील नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला, आपण ‘अविधवा नवमी’ म्हणतो, तीच बोलण्यात ‘अहेव नवमी’ किंवा ‘आयव नवमी’ होते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध त्या दिवशी करतात आणि सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. आजोबांनी उच्चारलेला शब्द गावंढळ नाही. पत्रिकेवरच्या इतर बहुतेक शब्दांपेक्षा त्याचे कूळ जुने आहे.

आता ‘सौ.’. सौभाग्यवती म्हणजे नवरा जिवंत असलेली, हा अर्थ आज इतका पक्का झाला आहे की मूळ अर्थ कोणाच्या ध्यानीही येत नाही. ‘सौभाग्य’ आले ‘सुभग’वरून, आणि संस्कृतात ‘सुभगा’ म्हणजे पतीची लाडकी, ‘दुर्भगा’ म्हणजे नावडती. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त पाचव्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात रूपाचे फळ प्रियकराच्या ठायी मिळणारे सौभाग्य होय, असे म्हटले आहे, तिथे सौभाग्याचा अर्थ कुंकू नव्हे, प्रेम असा आहे. आपल्याकडे पत्रिकेत ‘प्रिय पत्नी’ असे लिहायची रीत नाही आणि तसे लिहिले तर निदान आजोबांच्या पिढीला ते नाटकी वाटेल. परंतु व्युत्पत्तीचा आधार घ्यायचाच, तर तेवढे काम ‘सौ.’ गुपचूप करते आहे.

नातेवाइकांची हरकत वरवर तर्काला धरून वाटते, पण ‘कै.’ आणि ‘सौ.’ या दोन अक्षरांची कामे वेगळी आहेत. ‘कै.’ सांगते की ती गेली; ‘सौ.’ सांगते की ती कोणत्या स्थितीत गेली, आणि ती स्थिती आता बदलणारी नाही. उद्या आजोबाही गेले, तरी आजी ‘गं. भा.’, म्हणजे विधवेच्या नावामागे लावतात ती गंगा भागीरथी, व्हायची नाही. रूढीही हेच सांगते : परभणीच्या महिला महाविद्यालयाचे नाव ‘कै. सौ. कमलताई जामकर महिला महाविद्यालय’ असेच आहे. ‘सौ.’ राहू द्यावे. विचार करायचाच असेल तर ‘कै.’चा करावा, कारण आजी माळकरी होती असे पत्रात लिहिले आहे आणि वारकरी घरात ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी, अधिक शोभते. आपल्याच भागात लिंगायत घरांत ‘लिंगैक्य’ लिहितात, बौद्ध घरांत ‘कालकथित’. मृत या अर्थाच्या पालीतील ‘कालकत’चे ते रूप असावे, असे मला वाटते. तहसिलीत मात्र सगळ्यांसाठी एकच ‘मयत’, तो अरबीतून आलेला. त्याच शब्दाने आपण ‘मयतीला गेलो होतो’ असे म्हणतो आणि गावात त्यापुढे जाऊन ‘मातीला गेलो होतो’ म्हणतो, ते मला सर्वांत खरे वाटते.

एक गोष्ट खटकते ती सांगून टाकतो. अहेव मरण भाग्याचे, या समजुतीमागे वैधव्याची धास्ती आहे. पूर्वी विधवेचे जे हाल होत, त्यापेक्षा मरण बरे असे बायकांनाच वाटावे, यात भाग्य कसले? ही अढी माझ्याही मनात आहे, म्हणून दुसऱ्या कोणाच्या पत्रिकेत ‘अहेव’ घाला, असे मी आपणहून सुचवणार नाही. इथे ते आजोबा सांगत आहेत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द वेगळा ऐकू येतो. ‘मेघदूता’त मेघ यक्षाच्या पत्नीशी बोलायला लागतो तेव्हा तिला ‘अविधवे’ अशी हाक मारतो. निरोप अजून पुढेच आहे, पण त्या एका हाकेतच तिला कळते की नवरा जिवंत आहे. ‘अहेव’ हे विशेषण बायकोचे खरे, पण त्यातली बातमी नवऱ्याची असते. ‘ती अहेव गेली’ असे आजोबा म्हणतात, तेव्हा ‘मी मागे राहिलो’ हेही त्यात येतेच. ते वेगळे बोलून दाखवायची त्यांच्या पिढीची रीत नाही. जन्मभर ज्यांनी बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा केला आणि नाव फार तर लग्नातल्या उखाण्यात घेतले, त्यांनी याहून अधिक काय बोलावे?

विचारणेत नसलेली एक अडचण पत्रिकेच्या मसुद्यात दिसली, ती सर्वनामाची. मराठीत आई आणि आजी एकेरी असते. ‘आई गेली’ म्हणतात, ‘आई गेल्या’ कोणी म्हणत नाही. छापताना मात्र ती ‘मातोश्री’ होते, ‘यांचे दुःखद निधन’ होते आणि घरातली बाई परकी वाटू लागते. आमच्या घरी एक पितळी तांब्या आहे. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी ‘कै. सौ.’, मग माझ्या आजीचे नाव आणि ‘हिच्या स्मर्णार्थ’ असे कोरलेले आहे. ‘स्मरणार्थ’मधला ‘र’ उडून ‘ण’वर जाऊन बसला आहे आणि ठिपक्यांत पितांबरीची पूड अडकून अक्षरे पांढरी दिसतात. ते शुद्धलेखन मला कधी सुधारावेसे वाटले नाही, कारण त्यातले ‘हिच्या’ माझ्या आजोबांनी सांगितलेले आहे.

पत्रिकेत पती, मुले आणि नातवंडे अशी तिघांची नावे येणार असल्याने सगळ्यांसाठी ‘यांच्या’ लिहिण्याऐवजी वरच्या ओळीत ‘वै. सौ.’ आणि नाव घालावे, आणि खाली, आजोबांच्या नावाने, स्वतंत्र ओळ द्यावी : ‘माझी मंडळी अहेव गेली, त्याला या तिथीस वर्ष होत आहे.’ मुलांनी ‘आमची आई’, नातवंडांनी ‘आमची आजी’ असेच एकेरी लिहावे. बोलण्यात ‘आहेव’ असे ऐकू आले तरी लिहिताना पहिला ‘अ’ ऱ्हस्व ठेवावा, आणि कच्ची प्रत पुन्हा आली की ती आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावी.